पाणी वाढवलं तरी पानं कडेने करपतात: सोलापुरातल्या कुंड्यांचं दर उन्हाळ्यातलं दुखणं

होळी झाली की सोलापुरात गच्चीवरच्या झाडांची एकच तक्रार सुरू होते. मोगऱ्याची आणि जास्वंदीची जुनी पानं टोकाकडून तपकिरी होत आत वाळत जातात, कडीपत्त्याचा शेंडा फिकट पडतो, गुलाबाच्या कळ्या उमलायच्या आधीच सुकतात. घरात निदान ठरलेलं असतं: ऊन वाढलंय, पाणी वाढवा. पाणी वाढतं, करपणंही वाढतं. मग कुणीतरी मूठभर खत टाकतं आणि मेच्या मध्यावर झाड जातं. पुढच्या वर्षी झाड नवं येतं, पण कुंडी तीच, माती तीच, म्हणून दुखणंही तेच.

उन्हाचा वाटा आहेच. पण त्याच गच्चीवर सदाफुली आणि बोगनवेल मजेत फुललेल्या असतात. याचा अर्थ नुसत्या उन्हाने झाड मरत नाही. बहुतेक वेळा झाडाला मारतो तो कुंडीत साठलेला क्षार.

हिशेब करून पाहा. नळाचं पाणी काही दिवसांआड येतं, ते पिण्या-स्वयंपाकाला जपून ठेवलं जातं. झाडांच्या वाट्याला बोअरचं पाणी येतं. काळ्या पाषाणातून उपसलेलं हे पाणी जड असतं, आणि उन्हाळ्यात बोअर खाली गेला की आणखी जड होतं. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा) १००० असलेल्या एक लिटर पाण्यात एक ग्रॅम क्षार विरघळलेला असतो. १२ इंची कुंडीला मार्च ते मे रोज सव्वा लिटर पाणी घातलं, तर ९० दिवसांत ११० लिटरच्या वर पाणी गेलं. पाणी उडून जातं, क्षार उडत नाही. गच्ची ओली होऊ नये म्हणून आपण तळातून थेंबही बाहेर पडणार नाही असं जपून पाणी घालत असू, तर १०० ग्रॅमच्या वर क्षार त्या १२-१५ लिटर मातीत अडकला. त्यातला थोडा झाड घेतं, थोडा चुना होऊन मातीत बसतो, बाकीचा मुळांभोवती राहतो. अशा मातीत ओल असली तरी मुळांना पाणी ओढता येत नाही. जे थोडं वर चढतं ते पानाच्या कडेपर्यंत जाऊन उडून जातं आणि क्षार तिथेच सोडतं. म्हणून करपणं नेमकं कडेपासून सुरू होतं.

आधी पान बघा, मग उपाय

सगळी पिवळी पानं एका कारणाची नसतात. खालची जुनी पानं टोक आणि कडा धरून तपकिरी होत असतील, आतला भाग हिरवा असेल आणि कुंडीच्या काठावर पांढरी पूड दिसत असेल, तर तो क्षार.

शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्यागार, ही लोहाची कमतरता. लोह मातीत असतं, पण चुनखडीमुळे मातीचा सामू (पीएच) आठच्या वर गेला की मुळांना ते उचलता येत नाही. कडीपत्ता, लिंबू, जास्वंद आणि मोगरा यांच्यात हे आधी दिसतं.

फक्त पश्चिमेकडच्या पानांवर कागदासारखे पांढुरके चट्टे असतील तर ते उन्हाने भाजणं. त्याला खत-औषध लागत नाही, सावली लागते. पानांवर सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके आणि मागे बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी ही कीड. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले की खात्री झाली. सलग तीन-चार दिवस सकाळी पानांच्या मागच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारला की तो बराच आटोक्यात येतो. फवाऱ्याला नळाचं पाणी घ्या, बोअरचे थेंब पानावर पांढरे डाग सोडतात.

दुपारी तीनला मान टाकलेलं झाड संध्याकाळी सावरत असेल तर घाबरू नका, ते पाणी वाचवतंय. सकाळी सातलाही मान खाली आणि माती ओली असेल, तर मुळं कुजायला लागली आहेत. तिथे आणखी पाणी घालणं म्हणजे उरलेली मुळंही घालवणं.

कुंडीची पाच मिनिटांची तपासणी

काठावरची पांढरी पूड चमच्यात खरवडून घ्या, तिच्यावर लिंबाचे चार थेंब पिळा. फसफसली तर चुना आहे. फसफसली नाही तर दुसरे क्षार आहेत, आणि ते मुळांना चुन्यापेक्षा जास्त बाधतात.

मग कुंडीत एक लिटर पाणी एका दमात ओता आणि बघा. मिनिट-दोन मिनिटांत वरचं पाणी जिरून तळातून धार लागली, तर निचरा ठीक. दहा मिनिटं पाणी वर तुंबून राहिलं, तर माती घट्ट बसली आहे किंवा तळाचं भोक बुजलं आहे. तिसरा प्रकार सोलापुरात फार दिसतो आणि सगळ्यांना फसवतो: पाणी ओतताक्षणी तळातून भसाभस बाहेर येतं. वाटतं, वा, निचरा उत्तम! प्रत्यक्षात काळी माती सुकली की आक्रसते. शेतात भेगा पडतात, कुंडीत मातीचा गड्डा कडेपासून सुटतो. बोटभर फट तयार होते आणि सगळं पाणी त्या फटीतून निघून जातं. गड्डा आतून कोरडा ठणठणीत राहतो. काडी खुपसून पाहिली की कळतं. अशी कुंडी टबात ठेवून कुंडीच्या अर्ध्या उंचीपर्यंत पाणी भरा. वरची माती ओलसर दिसेपर्यंत, साधारण अर्धा तास, तशीच राहू द्या. बाहेर काढून निथळवा आणि कडेची फट शेणखत-कोकोपीटने दाबून भरा.

टीडीएस मोजायचं पेनासारखं यंत्र स्वस्तात मिळतं. आठ-दहा घरांत मिळून एक घेतलं तरी चालतं. ५०० च्या आत आकडा असेल तर काळजी नाही. ५०० ते १००० असेल तर दर वेळी थोडं पाणी तळातून बाहेर जाऊ द्यावंच लागेल. १५०० च्या वर गेलं तर त्या पाण्यावर मोगरा, लिंबू, घेवडा यांचा हट्ट सोडा; कण्हेर, बोगनवेल, सदाफुली, कोरफड लावा. डाळिंबही बऱ्यापैकी सोसतं. (कण्हेर सगळीच विषारी असते, घरात लहान मूल किंवा जनावर असेल तर नको.)

तीन पाणी चुकूनही घालू नयेत. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षाराचं असतं. कुलरच्या टाकीत तळाशी उरलेलं पाणी तर त्याहून वाईट. दिवसभर पाणी उडत राहतं, टाकीत क्षार घट्ट होत जातो, आणि आठवड्याने तेच ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून तुळशीत रिकामं केलं जातं. जड पाणी मऊ करणाऱ्या, मिठावर चालणाऱ्या यंत्राचं पाणी कपड्यांना चांगलं, पण त्यातलं सोडियम काळ्या मातीचं लोणी करून टाकतं आणि निचरा संपवतं. उलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी जवळजवळ बिनक्षाराचं असतं. आपल्या कोरड्या एप्रिलमध्ये ते थोडंच मिळतं, पण कडीपत्त्याच्या एका कुंडीपुरतं बादलीत धरून ठेवा. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्षार खाली बसतो असं म्हणतात. उडतो तो क्लोरीन, क्षार तसाच राहतो.

क्षार धुऊन काढायची पद्धत

कुंडीतल्या मातीच्या दुप्पट पाणी तिच्यातून गेलं तर धुणं पक्कं होतं. १२ इंची कुंडीला २५-३० लिटर लागतील, आणि सोलापुरात एप्रिलमध्ये एवढं नळाचं पाणी एका झाडाला कोण घालणार? म्हणून निम्म्या पाण्यात भागवायची रीत अशी.

कुंडी संध्याकाळी सावलीत घ्या, खालची ताटली काढा, दोन विटांवर ठेवा. वरची अर्धा-एक इंच पांढरट माती खरवडून फेकून द्या. सगळ्यात जास्त क्षार तिथेच असतो. काडीने तळाचं भोक मोकळं करा. आता चार लिटर पाणी झारीने सावकाश घाला. अर्धा तास थांबा. या वेळात मातीत अडकलेला क्षार पाण्यात उतरतो. पुन्हा चार लिटर, पुन्हा अर्धा तास, मग शेवटचे चार लिटर. यंत्र असेल तर शेवटी तळातून येणारं पाणी मोजा. पहिल्या धारेपेक्षा आकडा निम्म्यावर आला की पुरे. हे पाणी दुसऱ्या कुंडीत घालायचा मोह होतो. मोरीत जाऊ द्या.

खरवडलेल्या मातीच्या जागी चांगलं कुजलेलं गांडूळखत भरा. त्याशिवाय पुढचे तीन आठवडे कुठलंही खत नाही. ही अट पाळली जात नाही, म्हणून धुऊनही उपयोग होत नाही. डीएपी असो की १९:१९:१९, रासायनिक खत विरघळलं की तेही क्षारच. नंतर द्यायचं तर एक लिटर पाण्यात एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, आणि आधी साधं पाणी घालून माती ओली केल्यावरच.

नेहमीच्या पाण्याची सवयही बदला. रोज पेलाभर शिंपडण्यापेक्षा सकाळी आठच्या आत भरपूर घाला, तळातून पाव-अर्धा पेला बाहेर येईपर्यंत. १२ इंची कुंडीला भर उन्हाळ्यात एक ते दीड लिटर पुरतं. पाइप उन्हात पडलेला असेल तर पहिलं पाणी हातावर घेऊन बघा. काळ्या टाकीचं आणि पाइपातलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं, आणि ते थेट मुळांवर जातं.

शेंडा पिवळा पडलेल्या झाडांना लोहाची फवारणी. एक लिटर पाण्यात आधी लिंबूसत्त्वाची (सायट्रिक अ‍ॅसिड) चिमूट विरघळवा, मग ५ ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. गाळून संध्याकाळी सहानंतर पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारा. दहा दिवसांनी पुन्हा. द्रावण हिरवट असावं; तांबूस झालं तर वाया गेलं, नवं करा. फरशीवर थेंब पडले तर गंजाचे डाग जात नाहीत, म्हणून खाली गोणपाट टाका. फवारणीने पान हिरवं होतं, पण मूळ कारण पाण्यात आहे. त्यासाठी पाण्याची आम्लता थोडी वाढवावी लागते: १० लिटर जड पाण्याला २ ते ३ ग्रॅम लिंबूसत्त्व, साधारण अर्धा छोटा चमचा, आठवड्यातून एकदा. सामू बघायची पट्टी असेल तर सहा ते साडेसहाच्या दरम्यान थांबा.

इथे काही घरगुती सल्ल्यांची वाट अडवायला हवी. अंड्याची टरफलं, चुन्याची निवळी आणि चुलीतली राख ही कोकणातल्या आंबट मातीत कामाची असतील. आपल्या मातीत चुना आधीच जास्त आहे, राखेने सामू आणखी वर जातो. लेंडीखत उत्तम, पण कुंडीत ताजं घातलं तर तेही करपवतं; सहा महिने कुजलेलंच वापरा.

माती आणि कुंडी

शेतातली काळी माती ज्वारीला सोनं. रब्बीत पाऊस नसताना ती ओल धरून ठेवते म्हणूनच मालदांडी ज्वारी उभी राहते. बंद कुंडीत तोच गुण अंगावर येतो. नुसती काळी माती कुंडीत भरू नका. एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट, अर्धा भाग जाड मुरूम किंवा भाताचं तूस, आणि १२ इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट आधी दोन पाण्यांतून पिळून घ्या, कारण कोकोपीटच्या बऱ्याच विटांमध्ये मीठ असतं. मुरूम हरभऱ्याएवढ्या दाण्याचा हवा. गिलाव्याची बारीक वाळू काळ्या मातीत मिसळली तर वाळल्यावर तिची वीट होते.

तळाला खडी-विटांचा तीन इंच थर द्यायची पद्धत आहे. त्याने निचरा सुधारत नाही, मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकावर पालथं खापर पुरतं. बांधकामातले सिमेंटचे तुकडे तर मुळीच नको, त्यातून चुना सुटत राहतो.

प्लॅस्टिकची काळी कुंडी तापलेल्या स्लॅबवर ठेवली तर कडेची पांढरी मुळं भाजून मरतात, आणि पाणी ओढतात ती हीच मुळं. कुंडी विटांवर उचला, बाहेरून चुन्याचा हात द्या किंवा गोणपाट गुंडाळा. पश्चिमेच्या कठड्यालगतच्या कुंड्या पूर्वेला हलवा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य सोलापूरच्या थेट डोक्यावरून जातो, तेव्हा भर दुपारी कठड्याची सावली जवळजवळ शून्य असते. मार्चमध्ये सावलीत असलेली कुंडी तेव्हा उघडी पडते. ५० टक्क्यांची शेडनेट मार्चच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत, गच्चीच्या फरशीपासून सात फुटांवर, बाजू मोकळ्या ठेवून बांधा. झाडाला चिकटवून पांघरली तर आत वाफ कोंडते.

मातीवर दोन इंच आच्छादन हवंच. बोटभर कापलेला ज्वारीचा कडबा, शेंगांची टरफलं किंवा उसाचं पाचट चालेल. खोडापासून दोन बोटं जागा सोडा आणि अधूनमधून उचलून वाळवी बघा.

सुगडांची पाझर-कुंडी

संक्रांत होऊन, सिद्धेश्वराची गड्डा जत्रा उठून गेली की घरोघरी सुगडं माळ्यावर पडून असतात. ती उन्हाळ्यात कामाला येतात. रंग किंवा वार्निश न दिलेलं सुगड निवडा. पाण्याने भरून कोरड्या फरशीवर ठेवा. चार-पाच तासांत बाहेरून ओल आली तर ते पाझरतं, कोरडंच राहिलं तर उपयोग नाही. १२ इंची कुंडीत खोडापासून चार इंचांवर, समोरासमोर दोन सुगडं गळ्यापर्यंत पुरा. तोंडावर पणती उपडी ठेवा, म्हणजे डासांची अंडी पडत नाहीत. रोज सकाळी भरा. सुगडं बोअरच्या पाण्याने दोन-तीन महिन्यांत बुजतात. काढून पातळ व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवा, नारळाच्या काथ्याने घासा, पुन्हा पाझरतील. दोन सुगडांनी कुंडीची सगळी गरज भागत नाही, वरचं पाणी थोडं कमी होतं एवढंच.

गावाला जाताना जुन्या सुती पंचाची किंवा टॉवेलची पट्टी बादलीतून कुंडीत सोडायची युक्तीही चांगली, पण आठवड्यापुरतीच. अशा ओढीने क्षार मातीच्या वरच्या थरात येऊन बसतो. परत आल्यावर वरून एकदा भरपूर पाणी द्या.

पावसाचं पाणी धरा

सगळ्यात स्वस्त औषध आभाळातून येतं. १०० चौरस फूट गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला तर ९० लिटरच्या वर पाणी मिळतं. एप्रिल-मेच्या वळवाची पहिली दहा मिनिटं धूळ धुऊन जाऊ द्या, मग पन्हाळीखाली पिंप लावा आणि तोंडाला कापड बांधा. आभाळ काळं होऊन गार वारा सुटला की कुंड्यांच्या ताटल्या काढा, शेडनेट गुंडाळा. मात्र गारांचं चिन्ह दिसलं तर नेट राहू द्या.

७ जूनच्या सुमारास मृग निघतो. सोलापुरात तो बरसेलच असं धरून चालू नका. आपला भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा, उत्तरा-हस्ताचा. मृग-आर्द्रेत एक-दोन सरी झाल्यावर माती बदला, कारण उन्हाचा कडाका ओसरलेला असतो आणि मुळं लवकर धरतात. पण कुंडी पुरती धुऊन निघते ती २७ सप्टेंबरच्या आसपास हस्त लागल्यावर. तेव्हा घराघरांत हादगा मांडलेला असतो, पाऊस तास-तासभर पडतो. आडोशाला ठेवलेल्या सगळ्या कुंड्या त्या पंधरवड्यात उघड्यावर काढा. ‘पडतील स्वाती, तर पिकतील मोती’ हे ज्वारीवाल्यांचं. कुंडीवाल्यांनी स्वातीच्या आत धुणं उरकून घ्यावं, कारण ऑक्टोबरच्या शेवटाला पाऊस येईलच याची खात्री नाही.

उपाय लागू पडला की नाही हे जुन्या पानांवरून ठरवू नका. करपलेली कड पुन्हा हिरवी होत नाही. ती पानं लगेच ओरबाडूही नका; अर्धं हिरवं पानही झाडाला अन्न देतं आणि फांदीला सावली धरतं. कुंडी धुतल्यानंतर तीन-चार आठवड्यांनी जी नवी पानं पूर्ण उघडतील त्यांच्या कडा बघा. त्या स्वच्छ असतील तर पाण्याची हीच पद्धत चालू ठेवा. त्याही तपकिरी होत असतील तर झाड गड्ड्यासकट उपटून मुळं बघा: पांढरी असतील तर मिश्रण बदलून पुन्हा लावा, काळी आणि ओढताच साल सुटणारी असतील तर झाड सोडून द्या आणि ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.